एकटीला विचारा, पुन्हा विचारा

विमलाक्का,

तुझ्या तेराव्याचं जेवण आटोपून बनशंकरीहून आत्ताच घरी आले. पंखा लावला आणि साडीही न बदलता लिहायला बसले. पंगतीत सगळे तुझ्याबद्दलच बोलत होते. कुणी तुझ्या हातच्या कोसंबरीची आठवण काढली, कुणी तू गल्लीतल्या भांडणात पदर खोचून कशी मध्ये पडायचीस ते सांगितलं. मला जे सांगायचं होतं ते पंगतीत बसून सांगण्यासारखं नव्हतं. बाकीचे तुला नात्यानं ओळखत होते, शेजारानं ओळखत होते. मी तुला तुझ्या उत्तरांवरून ओळखत होते. सहा वर्षं मी तुला तेच ते प्रश्न विचारत आले.

तुला ‘तू’ म्हणायलाही तूच लावलंस. पहिलं वर्षभर मी ‘तुम्ही, तुम्ही’ करत होते. एक दिवस वैतागून म्हणालीस, “अक्काला अहो-जाहो करतं काय कोणी? मी काय सासू आहे तुझी?” तेव्हापासून तू.

मी नागपूरहून लग्न होऊन बंगलोरला आले तेव्हा संख्याशास्त्राची पदवी ट्रंकेच्या तळाशी ठेवून आले होते. नवरा सरकारी संशोधन संस्थेत, घर जे. पी. नगरला, आणि मला दूधवाल्याशी बोलण्यापुरतंसुद्धा कन्नड येत नव्हतं. दीड वर्ष मी खिडकीशी बसून काढलं. मग एका कॅन्सर हॉस्पिटलात काम मिळालं. तिथल्या डॉ. नलिनींना आकडे समजणारी आणि मराठी-हिंदी बोलणारी बाई हवी होती. कन्नड तू शिकशीलच, असं म्हणून त्यांनी मला घेतलं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. “गाठ किती मोठी होती, परत आली का, हे आपण मोजतो. पण ऑपरेशननंतर ती बाई कशी जगते, हे कुणी विचारतच नाही. आपण विचारायचं. तिच्या तोंडून. आणि एकदाच नाही, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षानं, मग दर वर्षी.” त्यासाठी चार पानांचा एक फॉर्म होता. झोप कशी लागते, दुखतं का, हात वर जातो का, घरकाम होतं का, लोकांत मिसळता का. शेवटच्या पानावर दहा पायऱ्यांच्या शिडीचं चित्र. सगळ्यांत खालची पायरी म्हणजे याहून वाईट जगणं नाही, सगळ्यांत वरची म्हणजे याहून चांगलं नाही. बाईनं बोट ठेवून दाखवायचं, आपण आज कुठे आहोत.

त्याच सुमाराला हॉस्पिटलनं एक खोली सुरू केली होती. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्यावर बायकांचा त्या बाजूचा हात सुजतो, आखडतो. त्यासाठी या खोलीत भिंतीवर बोटं चालवत हात वर नेण्याचा व्यायाम, कप्पीवरून ओढायची दोरी, आणि शिकवायला एक मुलगी. खोली चालू ठेवायची की नाही, हे आपल्या फॉर्मवरून ठरणार होतं.

तू पहिल्यांदा माझ्यासमोर बसलीस ती तुझ्या यजमानांना, अण्णांना, शेजारी घेऊन. ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले होते. सरकारी कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले तुझे अण्णा, पांढरा शर्ट, खिशाला पेन. मराठी ऐकून दोघंही खूश झालात. तीन पिढ्या बंगलोरात काढलेलं तुमचं घर, कोल्हापूरकडची मराठी आणि मध्येच कन्नड ‘स्वल्प’ म्हणजे थोडं, ‘सरी’ म्हणजे बरं. मी विचारलं, “झोप कशी लागते?” अण्णा म्हणाले, “छान लागते हो हिला.” “दुखतं का?” “आता नाही दुखत.” “हात?” “येईल की हळूहळू वर.” तू हसत होतीस, मान हलवत होतीस. शिडीच्या चित्रावर अण्णांनी खिशातलं पेन काढून आठव्या पायरीवर टेकवलं. तू म्हणालीस, “सरी.” मी आठ लिहिले.

एकाच प्रश्नाशी गाडी अडली. लोकांत मिसळता का? अण्णांनी तुझ्याकडे पाहिलं. तू खिडकीकडे पाहिलंस. बाहेर रांग वाढत होती. मी मधला आकडा लिहिला आणि पान उलटलं.

तीन महिन्यांनी तू आलीस तेव्हा अण्णांना खाली औषधांच्या रांगेत उभं करून आली होतीस. दार लोटलंस. खुर्ची माझ्या टेबलाजवळ ओढलीस आणि म्हणालीस, “आता विचारा. पहिल्यापासून विचारा.”

मी विचारलं. झोप नाही. कूस बदलली की जाग येते. हात खांद्याच्या वर जात नाही, वेणी शेजारची मुलगी घालते. सांबाराचं भांडं उतरवताना हातातून निसटलं, तेव्हापासून अण्णा गॅसजवळ जाऊ देत नाहीत, स्वयंपाकाला बाई लावली आहे. न्हाणीघरातल्या आरशावर तू टॉवेल टाकून ठेवला होतास. भाचीच्या साखरपुड्याला पोट बिघडल्याचं सांगून गेली नव्हतीस. हे सगळं तू बाजारातून काय आणलं ते सांगावं अशा आवाजात सांगत होतीस. शिडीवर बोट ठेवलंस तिसऱ्या पायरीवर.

मी म्हटलं, “अक्का, मागच्या वेळी आठ होते.”

“मागच्या वेळी तुम्ही आमच्या अण्णांना विचारलंत,” तू म्हणालीस. “मला आज विचारताय.”

मी तीन लिहिले. मला ते वाक्य फार आवडलं, घरी जाऊन नवऱ्याला सांगितलंसुद्धा. पण त्यातून मला जे कळायला हवं होतं ते कळलं नाही. ते कळायला वर्ष गेलं, आणि तेही अंगाशी आल्यावर.

वर्षाच्या शेवटी मी सगळे आकडे कंप्युटरवर चढवले. प्रिंटर करकर करत कागदाची लांब घडी बाहेर टाकत होता आणि मी उभी राहून ती वाचत होते. ज्या बायका व्यायामाच्या खोलीत येत होत्या, त्यांचेच आकडे घसरले होते. न येणाऱ्यांचे होते तिथेच होते. म्हणजे खोलीनं बायकांचं जगणं बिघडवलं, असा त्याचा अर्थ होत होता. बैठकीत व्यवस्थापकसाहेबांनी कागद पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, मग ही जागा आपण दुसऱ्या कामाला घेऊ. पुढच्या बैठकीत ठरवू, एवढंच ठरलं.

त्या दुपारी मी कपाटातून तुझे पहिले दोन फॉर्म काढून शेजारी शेजारी ठेवले. आठ आणि तीन. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खोलीत येणाऱ्या बायका दर आठवड्याला यायच्या, बसनं एकट्या यायच्या, माझ्याशी गप्पा मारायच्या. त्यांनी मला खरं सांगायला सुरुवात केली होती. न येणाऱ्या फक्त तपासणीला यायच्या, नवऱ्याबरोबर, दिराबरोबर, सासूबरोबर, आणि ‘सगळं छान’ म्हणून जायच्या. घसरलं होतं ते त्यांचं जगणं नव्हतं, भीड होती. आणि उत्तरं देताना शेजारी कोण बसलं होतं, याची मी एकाही फॉर्मवर नोंद केली नव्हती.

त्याच फॉर्मवर तो मधला आकडाही दिसला. पेन्सिलीचा, माझ्या हातचा.

तू व्यायामाच्या खोलीत दोरी ओढत होतीस. मी तिथेच तुला सगळं सांगितलं. बैठकीतलं, आणि तो आकडाही. म्हटलं, “त्या दिवशी तुम्ही गप्प राहिलात, रांग मोठी होती, मी मधला लिहून टाकला.”

तू दोरी सोडलीस. “माझं उत्तर तुम्ही दिलंत?”

“हो.”

“अण्णांनी दिलं ते एक. ते घाबरले होते. तुम्हाला काय झालं होतं?”

तू पिशवी उचललीस आणि गेलीस. पुढच्या आठवड्याला आली नाहीस. त्याच्या पुढच्याही नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी बसनं तुझ्या घरी आले. पत्ता फॉर्मवर होता. अण्णांनी दार उघडलं, मला पाहून त्यांचा चेहरा उतरला. रिपोर्टमध्ये काहीतरी निघालं म्हणून आली, असं त्यांना वाटलं असणार. तू मागच्या अंगणात जमिनीवर बसून भिजवलेल्या अवरेकाळूची, आपल्या पावट्याची, सालं काढत होतीस. बोटानं दाबलं की दाणा सुळकन् बाहेर. वर न पाहताच म्हणालीस, “बस. तूही काढ.” तू मला अगं-तूगं केलंस ते तेव्हापासून.

अर्धा तास आपण दोघी नुसते दाणे काढत होतो. मग तू म्हणालीस, “चुकलीस.”

“हो.”

“सरी. आता तुझ्या डॉक्टरीणबाईंना जाऊन सांग. सगळं सांग. तुझं नाव खराब होईल म्हणून माझ्यासारख्या बायकांची खोली बंद करू नकोस.” आणि मग तू आत हाक मारलीस. “अहो, जरा इकडे या. बसा. ही काय विचारते आणि मी काय सांगते ते ऐका.”

मला पळून जावंसं वाटत होतं. तू अण्णांसमोर एकेक सांगितलंस. झोप, भांडं, आरसा, साखरपुडा. “तुम्ही आठ म्हणालात. माझे तीन होते.” अण्णा पाटावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. मग म्हणाले, “मला वाटलं, ठीक आहे ठीक आहे म्हटलं की ठीक होईल.”

“ठाऊक आहे मला,” तू म्हणालीस. “म्हणून तर मान हलवली मी.”

त्यांनी चष्मा पुसला. उठून आत गेले आणि तिघांसाठी कॉफी करून घेऊन आले. तोपर्यंत त्या घरात त्यांनी कधी कॉफी केली नव्हती, हे तू मला पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलंस. फार वाईट झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी डॉ. नलिनींना सांगितलं. त्या रागावल्या, चांगल्याच रागावल्या. “असे किती फॉर्म आहेत?” मी म्हटलं, माझा आकडा लिहिलेला हा एकच, पण शेजारी माणूस बसलेले बहुतेक सगळे. त्या खुर्चीत मागे टेकल्या. म्हणाल्या, “मग आपण वर्षभर नातेवाईकांचं जगणं मोजलं.” नोकरी जाणार म्हणून मी तयार होते. ती गेली नाही. पण पुढच्या बैठकीत हे सगळं मीच उभं राहून सांगायचं, अशी त्यांनी अट घातली.

मी सांगितलं. व्यवस्थापकसाहेब वाईट माणूस नव्हते, त्यांना खरोखरच कळत नव्हतं. “तुम्हीच म्हणता आकडे चुकले. मग या खोलीचा उपयोग होतो हे मी कशावरून मानू?”

तुला आत येण्याची परवानगी नव्हती. तू व्यायामाच्या खोलीतल्या चार-पाच जणींना घेऊन बाहेर बाकावर बसली होतीस. साहेबांचा प्रश्न तुला दारातून ऐकू आला आणि तू सरळ आत आलीस. कन्नडमध्ये बोललीस, मला तेव्हा अर्धंच कळलं, पण शेवट कळला. “मला विचारा, साहेब. पण एकटीला विचारा. आणि एकदा विचारून थांबू नका, पुन्हा विचारा. आज मी एक सांगेन, सहा महिन्यांनी दुसरं सांगेन. दोन्ही खरं असेल.”

मग तू त्यांना हात वर करून दाखवलास. खांद्याच्या वर, कानापर्यंत. पदर सावरत तसाच थोडा वेळ धरून ठेवलास.

खोलीला आणखी एक वर्ष मिळालं. नवीन बायकांचं सगळं पहिल्यापासून सुरू झालं. रेकॉर्डच्या खोलीमागची एक अडगळ रिकामी करून तिथे दोन खुर्च्या आणि पडदा. सोबतच्या माणसांनी बाहेर बसायचं. फॉर्मच्या माथ्यावर एक नवी ओळ आली: उत्तरं देताना आणखी कोण हजर होतं? पुढच्या वर्षी कागदावरच्या रेघा वर जाताना दिसल्या, आणि त्यानंतर खोली बंद करण्याचा विषय कुणी काढला नाही.

तू दर बुधवारी अण्णांनी भरून दिलेला डबा घेऊन येऊ लागलीस, पेशंट म्हणून नव्हे. नव्या बायकांशेजारी बसायचीस, दोरी धरायला शिकवायचीस आणि माझ्या फॉर्मची चिरफाड करायचीस. “सामाजिक जीवनात अडचण येते का? हे काय विचारतीस? कोण सांगेल याचं उत्तर? लग्न-मुंजीला बोलावलं तर जाता का, असं विचार.” मी विचारून पाहिलं. ज्या बायका वर्षभर ‘नाही, काही अडचण नाही’ म्हणत होत्या, त्या ढसाढसा रडल्या. ‘उदास वाटतं का’ या प्रश्नाला सगळ्या ‘छे’ म्हणायच्या. तू म्हणालीस, “स्वयंपाक करताना मन लागतं का, ते विचार.” डॉ. नलिनींनी तुझे शब्द तसेच्या तसे घेतले, मराठीतही आणि कन्नडमध्येही.

आता आपलं भांडण. ते मिटायचं राहूनच गेलं, अक्का.

तिसऱ्या वर्षी तुझा हात पुन्हा सुजला. बाही चढेना. तपासणीत सगळ्या मापांत तू मागे गेली होतीस. आणि शिडीवर तू सातव्या पायरीवर बोट ठेवलंस. डॉक्टरांच्या नोंदी एकीकडे, तुझा आकडा दुसरीकडे. एका तरुण डॉक्टरानं सुचवलं की हा फॉर्म बाजूला काढावा, बाईंना प्रश्न समजला नसावा. मी तुला म्हटलं, “अक्का, हात जास्त वाईट आहे, मग सात कसे?”

तू म्हणालीस, “लेकीकडे होसकोट्याला गेले होते. दोन बस बदलून, एकटी. नातीला या कडेवर घेतलं, त्या कडेवर नाही घेता येत. परत येताना मागच्या सीटवर पाऊण तास गाढ झोपले. कंडक्टरनं उठवलं. सात.”

“पण मागच्या वर्षी हात बरा असताना पाच म्हणाली होतीस.”

“तेव्हा मी आजाराआधीची विमला डोळ्यांसमोर ठेवून सांगत होते. ती बाई आता येणार नाही, हे कळलं. आता आहे त्या बाईचं सांगते.”

मी संख्याशास्त्रवाली. मला ते मान्य होईना. म्हटलं, “अगं, मोजपट्टी मधेच बदलली तर दोन मापांची तुलना कशी करायची? कापड लांब झालं की पट्टी आखूड झाली, मला कसं कळणार?”

“मीच बदलले तर माझी पट्टी तीच राहील काय?” तू म्हणालीस. “तुला माझी पट्टी बदललेली नको आहे. आणि मी म्हणते, तीच तर बातमी आहे.”

यावर आपण वर्षानुवर्षं भांडलो. बुधवारी, बसस्टॉपवर, तुझ्या अंगणात. मी चिडून एकदा एक युक्ती काढली. म्हटलं, ठीक आहे, आता मागे वळून सांग, पहिल्या तीन महिन्यांनी तू खरी कुठल्या पायरीवर होतीस? तू जराही विचार केला नाहीस. “एक.”

“तेव्हा तीन म्हणाली होतीस!”

“तीनसुद्धा तुझी भीड पडून म्हणाले ग. नुकतं लग्न झालेली पोर समोर बसलेली. एक सांगितलं असतं तर तू रडली असतीस.”

मी टेबलावर डोकं ठेवून हसले. तूही हसलीस, इतकी की पडद्याबाहेरून कुणीतरी डोकावून पाहिलं. तेव्हापासून प्रत्येक बाईला मी आजचं विचारून झालं की मागचंही पुन्हा विचारते. दोन्ही लिहिते. त्यानं माझं काम सोपं झालं नाही, दुप्पट झालं. पण त्या तरुण डॉक्टरानं नंतर कुठलाही फॉर्म बाजूला काढा असं म्हटलं नाही.

तरी भांडण संपलं नाही. मला अजूनही वाटतं की बदलत्या पट्टीला काहीतरी बंधन हवं, नाहीतर हाताची सूज कुणी गंभीरपणे घेणारच नाही. ‘बाई सात म्हणते, मग उपचार कशाला’ असं कुणी म्हणालं तर? हा मुद्दा मला गेल्या वर्षी सुचला होता. तुला नीट सांगेन म्हणून ठेवला होता. तेवढ्यात तुझं पाठीचं दुखणं सुरू झालं आणि तपासणीत कळलं की ते साधं दुखणं नाही, आजार हाडांत उतरला आहे.

शेवटच्या महिन्यात मी तुला भेटायला यायचे ते हातात फळं घेऊन, फॉर्म न घेता. सहावं वर्ष भरलं होतं, तुझी नोंद करायची होती, पण मला लाज वाटत होती. अशा माणसाला काय विचारायचं, लोकांत मिसळता का? एक दिवस तू उशीला टेकून बसलीस आणि म्हणालीस, “फॉर्म कुठाय?”

“अक्का, आता कशाला?”

तुझा चेहरा इतका कडक झालेला मी त्या दोरीच्या दिवसानंतर पाहिला नव्हता. “आता कशाला म्हणजे? जाणाऱ्या बाईला काही सांगायचं नसतं काय? बरं असताना सहा वर्षं विचारलंस आणि आता तोंड फिरवतीस?”

होसकोट्याची लेक तिथेच होती. तिनं नातीच्या वहीचं पान फाडून दिलं. मी त्यावर शिडी काढली, वाकडीतिकडी. मग तू लेकीला बाहेर जायला सांगितलंस, अण्णांनाही. नियम म्हणजे नियम.

झोप: तुकड्या-तुकड्यानं. दुखणं: फार, औषध घेतल्यावर कमी. हात: वर जात नाही. लग्न-मुंजीला: कुणी बोलावत नाही आता, पण माणसं घरी येतात, रोज येतात. स्वयंपाकात मन: “अण्णा करतात. सांबारात मीठ जास्त पडतं. मी इथून ओरडते. मन लागतं.” मग तू शिडीवर बोट फिरवलंस, वर गेलीस, खाली आलीस, आणि सहाव्या पायरीवर थांबलीस.

“मरायची भीती वाटते,” तू म्हणालीस. “ती लिही. नाहीतर आठ म्हणाले असते. भीती वाटते, आणि आज सकाळी नातीनं मला अख्खी बाराखडी म्हणून दाखवली. दोन्ही मिळून सहा. आणि हे माझं नाव घालून कुणालाही सांग. लपवायचं काय त्यात?”

मी लिहिलं. कागदाची घडी घालणार, एवढ्यात तू माझं मनगट धरलंस, त्या सुजऱ्या हातानं. “आता तू सांग. तुझं किती?”

मी म्हटलं, “माझं कुणी विचारत नाही, अक्का.”

“मी विचारते की. आणि खोलीत दुसरं कुणी नाही.”

खिडकीशी काढलेलं ते दीड वर्ष मला आठवलं, तुझ्या अंगणातलं पाणी सांडलेलं सिमेंट, बुधवार. मी म्हटलं, “पुढच्या वेळी सांगते.” तू मनगट सोडलंस. म्हणालीस, “सरी. विचार करून सांग.” त्यानंतर मी दोनदा आले, दोन्ही वेळा तू औषधाच्या झोपेत होतीस.

ते वहीचं पान मी डॉ. नलिनींना दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि स्वतःच्या हातानं तुझ्या फाइलमध्ये शेवटी लावलं. वहीच्या पानावरची नोंद चालेल का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “हीच चालेल.” आजार उलटलेल्या बायकांनाही घरी जाऊन विचारायचं, त्यांना वगळायचं नाही, असं आता ठरलं आहे. पुढच्या महिन्यापासून मी दोन नव्या मुलींना शिकवणार आहे. एक मंड्याची आहे, एक इथलीच. पहिल्या दिवशी त्यांना काय सांगायचं, ते मला पक्कं ठाऊक आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. आज दुपारी अण्णांनी मला पंगतीत स्वतः वाढलं. निघताना म्हणाले, “बुधवारी सवयीनं डबा भरला जातो माझ्याकडून. काय करू त्याचं?” मी म्हटलं, “घेऊन या हॉस्पिटलात, आपण खाऊ.” ते येतो म्हणाले. बसमध्ये मला सारखं रडू येत होतं आणि मध्येच तुझं मिठाबद्दलचं ओरडणं आठवून हसूही येत होतं. शेजारच्या बाईनं कन्नडमध्ये विचारलं, काय झालं, कोण गेलं? मी म्हटलं, माझी अक्का. तिनं पुढचं काही विचारलं नाही. जे. पी. नगर येईपर्यंत माझा हात हातात धरून बसली.

मी नीट विचार केला आहे, विमलाक्का. घरात आत्ता दुसरं कुणी नाही. आज चार. तू नसतीस, तर या शहरात मी दोनच्या वर कधी गेले नसते. तीन महिन्यांनी मी स्वतःला पुन्हा विचारीन, आणि मला वाटतं, तेव्हा आकडा वर असेल.